अर्ध्या पानाचा कवी

साहित्याच्या इतिहासात काहींच्या वाट्याला अख्खं प्रकरण येतं, काहींना दोन-चार पानं मिळतात आणि काहींची बोळवण अर्ध्या पानात होते. एडवर्ड फिट्झजेराल्ड हा असाच अर्ध्या पानाचा धनी. बी.ए.ला आम्हांला जे जाडजूड पुस्तक होतं, त्यात टेनिसनला प्रकरण होतं, ब्राउनिंगला प्रकरण होतं आणि यांच्या मागे, लग्नात शेवटच्या पंगतीला बसवलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा हा बसला होता. 'उमर खय्यामच्या रुबायांचा भाषांतरकार' एवढीच त्याची ओळख. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नसे, म्हणून त्याच्यावर खूणही कुणी करत नसे.

मला तो खरा भेटला तो मराठीतून. आमच्या बेळगावच्या घरी सासऱ्यांच्या कपाटात माधव जूलियनांची पुस्तकं होती. माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म बडोद्याचा, फारसीचा गाढा अभ्यास, पुढे आमच्या शेजारच्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी १९२९ साली उमरच्या रुबाया थेट फारसीवरून मराठीत आणल्या. आणि मग १९३१मध्ये 'द्राक्षकन्या' काढली, ती या फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून. गंमत बघा. मूळ विहिरीचं पाणी स्वतःच्या हातानं शेंदू शकणारा माणूस शेजारच्या घरच्या माठातलं पाणी मागून पितो, तेव्हा त्या माठात काहीतरी वेगळं असणारच. या कुतूहलापायी मी दुपारच्या रिकाम्या वेळात फिट्झजेराल्डच्या मागे लागले. त्याची चरित्रं आणि पत्रं वाचत गेले. काही दिवस तो मला फार आवडला, काही दिवस त्याचा भयंकर राग आला. आता दोन्ही एकत्रच नांदतात.

त्याचा जन्म ३१ मार्च १८०९चा. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाचा परगणा आहे, त्यात वुडब्रिज गावाजवळच्या ब्रेडफील्डचा. जन्मला तेव्हा तो फिट्झजेराल्ड नव्हताच, पर्सेल होता. आई मेरी फिट्झजेराल्ड अफाट श्रीमंत घराण्यातली, इंग्लंड-आयर्लंडात जमिनी असलेली. तिचे वडील १८१८ साली वारले आणि इस्टेट तिच्याकडे आली, तेव्हा नवऱ्यानंच बायकोचं आडनाव लावलं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावसुद्धा तांदळावर लिहून बदलतात, आणि इथे बाप्यानं आडनाव बदललं! पैशाच्या अंगी काय काय बळ असतं ते यावरून कळतं. आई देखणी, करारी आणि दरारा असलेली. मुलांच्या खोलीत ती यायची ती पाहुणीसारखी.

या आईची एक गोष्ट सगळे चरित्रकार सांगतात. एडवर्ड केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात शिकत होता. एक दिवस आईसाहेब चार काळ्या घोड्यांच्या गाडीतून कॉलेजच्या दाराशी उतरल्या आणि त्याला बोलावणं पाठवलं. चिरंजीव खाली येऊ शकले नाहीत, कारण त्यांच्याजवळचा बुटांचा एकुलता एक जोड चांभाराकडे गेला होता. घरी एवढी संपत्ती आणि पोरगा असा. पण हा कंजूषपणा नव्हता की बंडही नव्हतं. त्याला खरोखरच दुसरा जोड लागत नव्हता.

१८३०मध्ये पदवी घेतली आणि त्यानं ठरवून टाकलं, की आपण काही करायचं नाही. म्हणजे चर्चमध्ये जायचं नाही, वकिली नाही, पार्लमेंट नाही, नोकरी नाही. वाचायचं, फिरायचं, चित्रं पाहायची, पियानो वाजवायचा आणि मित्रांना पत्रं लिहायची. बरोबरचे सगळे कुठल्या कुठे गेले. थॅकरे कादंबऱ्या लिहून नावारूपाला आला, टेनिसन राजकवी झाला, स्पेडिंगनं बेकनच्या ग्रंथांना जन्म वाहिला. हा आपला बूल्ज गावातल्या वडिलांच्या बंगल्याच्या फाटकाशी गवतानं शाकारलेल्या दोन खोल्यांत मांजर, कुत्रा आणि पोपट घेऊन राहिला. दोनचार नव्हे, सोळा वर्षं. १८३१मध्ये त्याची एक कविता निनावी छापून आली होती, ती चार्ल्स लॅम्बची असावी असा वाचणाऱ्यांचा समज झाला. दुसरा कुणी असता तर त्या जोरावर लगेच संग्रह काढता. यानं काढला नाही.

'तुम्ही काय करता?' या प्रश्नाची आम्हां घरी असणाऱ्या बायकांना सवय असते. उत्तर ठरलेलं : 'काही नाही, घरीच असते.' त्या 'काही नाही'मध्ये पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या विरजणापर्यंत काय काय असतं ते सांगत बसायला वेळ नसतो. फिट्झजेराल्डही हेच उत्तर द्यायचा, पण त्याच्या 'काही नाही'मध्ये खरंच काही नव्हतं. जमिनीचा खंड येत होता. चुलीपाशी दुसरं कुणी उभं होतं. म्हणून त्याच्या निवांतपणाचं कौतुक करताना माझा हात जरा आखडतो. पण हेही खरं, की असा निवांतपणा लाभलेले शेकडो जमीनदारपुत्र त्या काळात कोल्ह्यांच्या शिकारीत आणि पत्त्यांत संपून गेले. यानं निदान त्या वेळाशी बेइमानी केली नाही.

त्याच्याशी माझं पहिलं गोत्र जुळलं ते ताटावरून. १८३३च्या सुमाराला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यानं मांसाहार सोडला. पाव, लोणी, फळं आणि चहा यांवर तो राहू लागला. आसपास सगळं मांसाहारी, थंड हवेचा मुलूख, आणि धर्माची सक्ती कसलीच नाही. मित्र थट्टा करायचे. टेनिसननं त्याचं पाहून दहा आठवडे मांस सोडून बघितलं आणि मग परत सुरू केलं. याचं मात्र आयुष्यभर टिकलं. दुसऱ्याच्या घरी पाहुणा गेला की मात्र समोर येईल ते खाई, यजमानाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आमच्या घरात हे ऐकून मोठा वाद झाला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "नेम तो नेम. पाहुणा गेला म्हणून नेम सुटतो का?" आम्ही तर लग्नकार्याला जाताना सूर्य मावळायच्या आत जेवण मिळेल ना, आमटीत कांदा नाही ना, हे आधी विचारून मग निघणारे. मुलगी म्हणाली, "आजी, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं ना सोडायला. तो सोडतोय हेच किती आहे." मी मध्ये पडले नाही. ज्या नेमाला पाठीशी बस्ती नाही, पंच नाहीत, चातुर्मास नाही, तो पन्नास वर्षं एकट्यानं सांभाळणं म्हणजे काय, याचा विचार करत मी भांडी विसळत राहिले.

मित्र ही त्याची खरी मिळकत. त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. एक बर्नार्ड बार्टन. हा क्वेकर पंथाचा, वुडब्रिजच्या बँकेत चाळीस वर्षं कारकून, आणि संध्याकाळी कविता लिहिणारा. त्याला लुसी नावाची एकुलती एक मुलगी. तिच्या जन्माच्या वेळीच आई गेलेली, त्यामुळे बापलेक एकमेकांना धरून राहिलेले. १८४९ला बार्टन वारला. पोरीसाठी मागे जवळजवळ काही राहिलं नव्हतं. तिला चार पैसे मिळावेत म्हणून बापाच्या कवितांचं आणि पत्रांचं पुस्तक काढलं गेलं. संपादन लुसीनं केलं आणि फिट्झजेराल्डनं त्याला चरित्र लिहून दिलं. लुसीची काळजी घेईन असं काहीतरी त्यानं बार्टनला मरणाआधी कबूल केलं होतं, असं सांगतात. शब्द नेमका काय होता कोण जाणे, पण लुसीनं आणि गावानं त्याचा अर्थ लग्न असा घेतला.

दुसरा मित्र एडवर्ड कॉवेल. वयानं सतरा वर्षांनी लहान. इप्सविचच्या एका व्यापाऱ्याचा हा मुलगा शाळेच्या वयातच फारसी आपली आपण शिकला होता. त्याच्या नादानं फिट्झजेराल्डनं १८५२च्या अखेरीला, त्रेचाळीस वर्षांचा असताना, फारसीची मुळाक्षरं गिरवायला घेतली. हा तपशील मी मुद्दाम अधोरेखित करून ठेवला आहे. आमच्या महिला मंडळात पन्नाशीच्या बायकांना 'आता प्राकृत शिकूया' म्हटलं, की 'आता कुठं डोक्यात जायला बाई' हे ऐकू येतं, तेव्हा हा तपशील कामाला येतो.

१८५६च्या उन्हाळ्यात कॉवेल कलकत्त्याला प्राध्यापक म्हणून निघाला. निघण्यापूर्वी त्यानं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात सापडलेल्या एका हस्तलिखिताची नक्कल मित्राला दिली. १४६०च्या सुमाराची, शिराजमध्ये लिहिलेली ती पोथी. तीत उमर खय्यामच्या १५८ रुबाया होत्या. मित्र गेला. मागे ती नक्कल राहिली आणि लुसी राहिली. त्याच वर्षी, ४ नोव्हेंबरला, फिट्झजेराल्डनं लुसीशी लग्न केलं. दोघंही सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे.

ते लग्न वर्षभरही टिकलं नाही. लुसी मधल्या काळात एका मोठ्या घरात मुलींची सोबतीण म्हणून राहिली होती. तिथल्या चालीरीती तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. तिला वाटलं, आता आपलं घर. नवऱ्यानं जेवायला नीट कपडे घालून यावं, पाहुणेराउळे यावेत, आपणही जावं. याला जुना कोट, मोकळी मान आणि एकट्याचा मेणबत्तीचा उजेड हवा. १८५७च्या उन्हाळ्यापर्यंत दोघं वेगळी झाली. त्यानं तिला वर्षासन बांधून दिलं. दोष सगळा आपलाच, असं तो मित्रांना सांगत राहिला. तिच्याबद्दल वावगा शब्द त्यानं काढला नाही, हे खरं. पण ती पुढे एक्केचाळीस वर्षं जगली, हेही खरं.

आमच्या घराण्यातही अशी एक होती. माझ्या वडिलांची चुलत बहीण. आम्ही तिला अक्कात्या म्हणायचो. लग्नानंतर आठव्या महिन्यात ती परत आली, ती कायमची. का, ते मोठ्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. चाळीस वर्षं तिनं बस्तीतल्या पाठशाळेत मुलांना भक्तामर आणि गोष्टी शिकवल्या. अर्ध्या गावाचे उच्चार तिनं सुधारले असतील. पण ती गेल्यावर जमलेल्या बायका काय म्हणाल्या? "बिचारी, नांदली नाही." चाळीस वर्षांच्या कामाला आठ महिने पुरून उरले. लुसीचं नेमकं हेच झालं. फिट्झजेराल्डच्या चरित्रात ती येते ती 'उंच, दणकट, थोराड' अशी आणि लग्न फसल्यावर निघून जाते. पण या लुसीनं स्वतः पुस्तकं लिहिली होती. तिचं मुलांसाठीचं बायबलवरचं पुस्तक १८३१ साली निघालं, म्हणजे ज्या वर्षी नवऱ्याची ती पहिली कविता निनावी छापली गेली, त्याच वर्षी! त्या घरात लेखक दोन होते. अर्धं पान एकालाच मिळालं.

पण याच मोडतोडीच्या उन्हाळ्यात त्याच्या हातून ते काम झालं. मे-जूनमध्ये तो बेडफर्डजवळ ब्राउन नावाच्या जिवलग मित्राकडे जाऊन राहिला होता. पिवळ्या फुलांनी भरलेल्या कुरणात, घोड्याच्या शिंगराशेजारी पडून तो उमर वाचायचा. तिकडे कलकत्त्याहून कॉवेलनं एशियाटिक सोसायटीतल्या पोथीची दुसरी नक्कल करून पाठवली. तीत पाचशेवर रुबाया. १८५७चा तो उन्हाळा. हिंदुस्थानात काय पेटलं होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. कॉवेल त्याच देशात बसला होता, इकडे मित्राला त्याची काळजी, आणि दोघांमध्ये बोटीनं महिना-दीड महिन्यानं पोचणारी पत्रं. त्या पत्रांतून आठशे वर्षांपूर्वीच्या फारसी शब्दांचा कीस काढणं चालू होतं.

त्यानं केलं काय, ते थोडं उलगडून सांगते, कारण अर्ध्या पानात ते नसतं. फारसी पोथीत रुबाया कशा लावतात? यमकाच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे, अकारविल्हे. म्हणजे एक मृत्यूची, तिच्याशेजारी एक चेष्टेची, पुढची प्रार्थनेची. सगळी सुटी मणी-माळ. फिट्झजेराल्डनं त्यांतले मणी निवडले, काही फोडून दोनाचा एक केला, काही सोडून दिले, आणि सगळे एका दिवसाच्या दोऱ्यात ओवले. सुरुवातीला पहाट आणि जागे व्हायची हाक, मध्ये दिवस चढतो तसे प्रश्न चढतात, शेवटी चंद्र उगवतो आणि कुणीतरी जागेवर नसतं. पहिली, दुसरी, चौथी ओळ यमकाची आणि तिसरी मोकळी, हा फारसी घाट इंग्रजीत त्यानं असा बसवला की तो पुढे त्याच्याच नावानं चालला. हे भाषांतर म्हणावं का, यावर पंडितांचं अजून भांडण आहे. फारसी जाणणाऱ्या माधव जूलियनांना दोन्ही वेगवेगळी पुस्तकं करावीशी वाटली, यातच मला त्याचं उत्तर दिसतं.

नियतकालिकाकडे पाठवलेल्या रुबाया संपादकानं वर्षभर दाबून ठेवल्या. शेवटी यानं त्या परत घेतल्या, आणखी घातल्या आणि १८५९ साली स्वतःच्या खर्चानं छापल्या. ७५ रुबाया, २५० प्रती, वर नाव नाही. विकायला लंडनच्या क्वारिच या पुस्तकवाल्याकडे ठेवल्या. त्याच वसंतात बेडफर्डचा तो मित्र ब्राउन घोड्यावरून झालेल्या अपघातानंतर दोन महिने तळमळून वारला. पुस्तकाचं काय झालं याकडे बघायला फिट्झजेराल्डचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आणि बघण्यासारखं काही घडलंही नाही. एक शिलिंगाचं पुस्तक उतरत उतरत दुकानाबाहेरच्या पेटीत एका पेनीला आलं. १८६१ला व्हिटली स्टोक्स नावाच्या एका आयरिश पंडिताला ते त्या पेटीत सापडलं. त्यानं एक प्रत रोझेटीला दिली, त्यानं स्विनबर्नला सांगितलं, आणि मग कवींची रीघ लागली. हा स्टोक्स पुढे नोकरीसाठी मद्रासला आला आणि १८६२मध्ये त्यानं तिथे रुबायांची एक छोटी आवृत्ती परस्पर छापून घेतली. म्हणजे वुडब्रिजच्या लोकांना पत्ता नव्हता, तेव्हा हे पुस्तक आपल्या मद्रासेत छापलं गेलं होतं!

रस्किनची गोष्ट तर याहून न्यारी. त्यानं १८६३मध्ये 'उमरच्या भाषांतरकारास' असं नाव घालून कौतुकाचं पत्र लिहिलं. पण भाषांतरकार कोण, कुणालाच ठाऊक नाही. पत्र बर्न-जोन्स या चित्रकाराच्या घरी पडून राहिलं. दहा वर्षांनी ते नॉर्टन या अमेरिकन प्राध्यापकाच्या हाती गेलं, त्यानं कार्लाइलला दिलं आणि कार्लाइलनं वुडब्रिजला पाठवलं. कार्लाइल त्याचा तीस वर्षांचा स्नेही. पण आपल्या या मित्रानं असं काही केलं आहे, हे त्यालाही तेव्हा प्रथम कळलं. आज दोन ओळी सुचल्या की मोबाइलवर दोनशे जणांना जातात. त्यात मीही आले. म्हणून या दहा वर्षांच्या पत्राचं मला फार अप्रूप.

पुढचं आयुष्य त्यानं वुडब्रिजच्या बाजारचौकात एका बंदूकवाल्याच्या माडीवर भाड्यानं राहून काढलं. डोक्यावर जुनी उंच टोपी, वारं असलं की ती रुमालानं बांधलेली, अंगावर शाल. एक होडी बांधून घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'स्कँडल', कारण गावात मुख्य पीक त्याचंच. लोस्टॉफ्टच्या पॉश नावाच्या कोळ्याशी दोस्ती करून त्याला मासेमारीचं गलबत काढून दिलं. स्वतः मांस न खाणाऱ्यानं मासेमारीत पैसे घालावेत, हा हिशेब मला अजून लागलेला नाही. स्वतःचं घर घेतलं, तेही भाच्या-पुतण्यांसाठी सजवलं आणि आपण एका खोलीत राहिला. डोळे अधू झाले तेव्हा संध्याकाळी वाचून दाखवायला गावातली पोरं पगारानं ठेवली. आणि पत्रं लिहिली. ती आता चार भल्यामोठ्या खंडांत आहेत. माझ्या मते त्याचं खरं लेखन तेच.

पण त्याच पत्रांनी घात केला. तो गेल्यावर १८८९मध्ये पत्रांचं पुस्तक निघालं आणि त्यात १८६१चं एक पत्र जसंच्या तसं राहून गेलं. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या निधनानंतरचं. आता तिच्या आणखी लांबलचक कविता यायच्या नाहीत याबद्दल त्यात त्यानं सुटकेचा श्वास टाकला होता. वर शेरा मारला होता, की तिनं आणि एकूणच बायकांनी स्वयंपाकघर आणि मुलं सांभाळावीत, फार तर गोरगरिबांकडे पाहावं. सत्त्याहत्तर वर्षांच्या रॉबर्ट ब्राउनिंगनं बायकोबद्दलचं हे वाचलं आणि पेटून उठून मेलेल्या माणसाला कवितेतून जाब विचारला. त्याच वर्षाच्या अखेरीला ब्राउनिंगही गेला.

मी हे वाचलं ते स्वयंपाकघरातच. गॅसवर डाळ होती. पहिल्यांदा हसू आलं, मग डोक्यात तिडीक गेली. आयुष्यभर स्वतःच्या हातानं चहासुद्धा करावा न लागलेला माणूस बायकांना स्वयंपाकघर सांभाळायला सांगतो! आणि सांगतो कोण? ज्याला म्हातारपणी सेव्हिन्ये बाईंच्या फ्रेंच पत्रांनी वेड लावलं, इतकं की त्यानं त्यांतल्या माणसांचा आणि ठिकाणांचा कोश करायला घेतला. जो फॅनी केंबल या नटीला आणि लेखिकेला अखेरच्या बारा वर्षांत दर पौर्णिमेच्या सुमाराला पत्र लिहायचा. ही केंबल म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यावर राहून तिथली रोजनिशी छापणारी बाई. तिला त्यानं स्वयंपाकघरात जा म्हटलं नाही. तिच्या पत्राची वाट पाहत बसला. आणि ज्याची स्वतःची बायको लेखिका, तिला त्यानं घरातली बाई म्हणूनही सांभाळलं नाही.

याच्या वर माझं मन आणखी एका गोष्टीशी अडतं. पॉशनं म्हातारपणी सांगितलेली म्हणून ती नोंदली गेली आहे. हे दोघे एकदा रस्त्यानं चालले होते आणि समोरून लुसी आली. दोघंही थांबली. दोघांनी हातमोजे काढले. फिट्झजेराल्डनं हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि पॉशला चल म्हणून तरातरा निघून गेला. त्या रस्त्यावर मागे उभ्या राहिलेल्या, एक हातमोजा काढलेल्या बाईचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. क्षणभंगुरतेवर इतकं सुंदर लिहिणाऱ्या माणसाला तेवढा एक क्षण निभावता आला नाही.

मग त्याला कपाटातून काढून टाकावं का? मुलीनं मला हेच विचारलं. मी म्हटलं, नाही बाई. लेखन आणि माणूस यांचा सोडचिठ्ठीचा खटला माझ्या कोर्टात चालत नाही, दोघंही एकाच घरात राहणार. पण घरात कोण कोण होतं, हे मात्र मी पाहुण्यांना सांगणार. ज्या कॉवेलनं फारसीचं दार उघडलं, तो पुढे केंब्रिजला संस्कृतचा पहिला प्राध्यापक झाला, आणि त्यानं गॉफबरोबर 'सर्वदर्शनसंग्रह' इंग्रजीत आणला. त्यात आमचं आर्हत दर्शनही आलं. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावं, 'स्यात्' म्हणून पाहावं, हे आम्हांला पाठशाळेत अक्कात्या शिकवायची. तिच्याकडे मात्र गावानं एकाच बाजूनं पाहिलं.

१४ जून १८८३च्या सकाळी फिट्झजेराल्ड मरण पावला, नॉर्फकमध्ये एका मित्राच्या घरी, रात्री झोपेतच. टेनिसननं जुन्या दोस्तासाठी एक कविता लिहून ठेवली होती, तीत त्या दहा शाकाहारी आठवड्यांची आठवणही होती. ती त्याच्या हाती पडायच्या आत तो गेला. बूल्जच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. निशापूरला उमरच्या कबरीवर वाढलेल्या गुलाबाचं बी विल्यम सिम्प्सन या चित्रकारानं १८८४ला आणलं होतं. क्यू इथल्या बागेत त्याचं रोप झालं, आणि १८९३च्या ऑक्टोबरात ते फिट्झजेराल्डच्या कबरीवर समारंभानं लावलं गेलं. तोवर रुबाया घराघरांत पोचल्या होत्या.

त्या वेळी लुसी पंच्याऐंशीच्या घरात होती. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८मध्ये, ती वारली. बापाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून 'त्याची मुलगी' एवढंच छापलं आहे. माझ्या वहीत फिट्झजेराल्डच्या नावाखाली मी तिचं पूर्ण नाव आणि तिच्या पुस्तकाचं साल लिहून ठेवलं आहे. अर्ध्या पानात तेवढी जागा निघते.